‘रामायण’ मालिका आणि तिच्याविषयीची बदलती मते



रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेचा पहिला भाग २५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर दाखवला गेला आणि शेवटचा ३१ जुलै १९८८ रोजी. वेळ रविवारी सकाळी साडेनऊची. बेत ५२ भागांचा होता. प्रेक्षकांची मागणी पाहून तो वाढत वाढत ७८ भागांवर गेला. या मालिकेला त्या दीड वर्षात एकाच वेळी देवघरातला मान मिळाला आणि टीकाकारांची हेटाळणीही. पुढे तिच्याकडे राजकारणाच्या चष्म्यातून पाहिले गेले, मग बराच काळ ती करमणुकीचा विषय झाली आणि २०२० मध्ये नव्या पिढीने ती पुन्हा आवडीने पाहिली. चित्रीकरण तेच होते. तरी मते इतकी का फिरली, हे समजायला त्या त्या वेळचा प्रेक्षक कुठे बसला होता ते पाहावे लागते.

१९८७ मध्ये तो बहुधा दुसऱ्याच्या घरी बसला होता. रंगीत प्रक्षेपण १९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमारास सुरू झाले होते, त्यानंतर देशभर प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली, पण संच मोजक्या घरांत होते आणि बहुतेक ठिकाणी वाहिनी एकच होती. ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या बाहेरच्या खोलीत रविवारी सतरंजी अंथरली जाई. कितीतरी ठिकाणी संचाला हार घातला जाई, उदबत्ती लावली जाई, पाहायला येणारे चपला दाराबाहेर काढत. रस्ते सामसूम होत. भरातल्या दिवसांत ही मालिका ८ ते १० कोटी लोक पाहत असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

मराठी घरांना आठवड्याचे रामायण नवे नव्हते. गदिमा आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून असेच आठवड्याला एक गीत या क्रमाने ऐकवले गेले होते. मालिकेच्या सुरुवातीच्या श्रेयनामावलीत वाल्मीकी, तुलसीदास, कंब यांच्या रामायणांबरोबर एकनाथांच्या ‘भावार्थ रामायणा’चाही आधारग्रंथ म्हणून उल्लेख होता. चित्रीकरणही मुंबईपासून दूर नव्हते. ते उंबरगावला झाले, पश्चिम रेल्वेवर घोलवड ओलांडले की लागणाऱ्या गुजरातच्या पहिल्या गावी.

याच काळात इंग्रजी वृत्तपत्रांतले समीक्षक वैतागले होते. त्यांच्या तक्रारी ठरावीक होत्या: कथा मुंगीच्या पावलाने जाते, एका संवादावर पाच-पाच चेहरे दाखवले जातात, मुकुट आणि महाल कॅलेंडरातल्या चित्रांसारखे भडक आहेत, आणि आकाशात एकमेकांवर आदळणारे बाण पोरखेळ वाटतात. या तक्रारी खोट्या नव्हत्या. पण समीक्षक मालिकेला सिनेमाची मोजपट्टी लावत होते. अमेरिकी अभ्यासक फिलिप लुटगेनडॉर्फ यांनी १९९० मध्ये लिहिलेल्या लेखात दुसरी मोजपट्टी सुचवली. त्यांचे म्हणणे असे की ही मालिका कथाकार, रामलीला आणि देवदर्शन यांच्या परंपरेतली आहे. चेहऱ्यावर रेंगाळणारा कॅमेरा प्रेक्षकाला दर्शन घडवतो, आणि पुढे काय होणार हे सगळ्यांना ठाऊक असलेल्या कथेत घाईला काही अर्थ नसतो. ज्याने एकदा तरी रात्रभराचे कीर्तन ऐकले आहे त्याला हे पटायला वेळ लागत नाही. संथपणा हा दोष की गुण, याचे उत्तर मालिकेपेक्षा पाहणाऱ्याच्या सवयीत जास्त होते.

मत किती तीव्र असू शकते हे १९८८ च्या उन्हाळ्यात दिसले. मालिका रामाच्या राज्याभिषेकाशी थांबणार होती. वाल्मीकींना आपले पूर्वज मानणाऱ्या उत्तर भारतातल्या सफाई कामगारांना हे मान्य नव्हते, कारण लव-कुश वाल्मीकींच्या आश्रमात वाढतात तो भाग त्यामुळे गळत होता. जालंधरसह काही शहरांत त्यांनी संप केला, कचरा साचला, आणि सरकारला पुढचे भाग करायला संमती द्यावी लागली. त्यातून उत्तरकांडावरची मालिका आली. तिच्यात सीतात्यागाचा प्रसंग असा रचला आहे की वनात जाण्याचा निर्णय सीता स्वतः घेते. अग्निपरीक्षेतही मूळ सीता आधीच अग्नीच्या स्वाधीन होती आणि रावणाने नेली ती छाया, या जुन्या कथेचा आधार घेतला आहे. म्हणजे प्रेक्षक काय विचारतील याची जाणीव सागर यांना १९८८ मध्येही होती.

नव्वदच्या दशकात मतांचा रोख पार बदलला. खरे तर सुरुवात आधीच झाली होती: इतिहासकार रोमिला थापर यांनी १९८९ मध्येच असा प्रश्न उभा केला होता की अनेक रामायणांच्या देशात सरकारी वाहिनीने एकच आवृत्ती घरोघरी पोहोचवली तर बाकीच्यांचे काय होईल. मालिका संपल्यानंतरच्या काही वर्षांत अयोध्येचे आंदोलन पेटले. १९९१ मध्ये सीता झालेल्या दीपिका चिखलिया बडोद्यातून आणि रावण झालेले अरविंद त्रिवेदी साबरकांठ्यातून, दोघेही भाजपचे खासदार म्हणून निवडून आले. अरविंद राजगोपाल यांनी २००१ च्या आपल्या ग्रंथात टीव्हीवरचे रामायण आणि हिंदुत्वाचे राजकारण यांचा संबंध तपशिलाने मांडला. त्यानंतर विद्यापीठांत या मालिकेचे नाव निघाले की हाच विषय निघे. या मांडणीत तथ्य आहे, पण एक गोष्ट तिच्यात नीट बसत नाही. मालिका काँग्रेसच्या सरकारात सुरू झाली, आणि १९८८ च्या अलाहाबाद पोटनिवडणुकीत राम झालेले अरुण गोविल काँग्रेसच्या प्रचाराला गेले होते. ती जागा मात्र विश्वनाथ प्रताप सिंह यांनी जिंकली. राजकारणाने मालिकेचा वापर केला, यात शंका नाही. सतरंजीवर बसलेल्या प्रत्येकाने मात्र तिच्यातून तोच अर्थ घेतला असे म्हणणे, त्या माणसांवर अन्याय करणारे आहे.

पुढची वर्षे थोडक्यात सांगता येतात. केबल आली, वाहिन्या वाढल्या, रामकथेवर नव्या मालिका निघाल्या. संगणकावरची दृश्ये पाहून डोळे सरावले आणि जुने बाण हसण्याचा विषय झाले. प्रौढांसाठी ती बालपणीची आठवण उरली, मुलांसाठी आईबापांनी सांगितलेली गोष्ट.

२५ मार्च २०२० रोजी देशात टाळेबंदी लागली. २७ मार्चला तेव्हाचे माहिती व प्रसारण मंत्री प्रकाश जावडेकर यांनी घोषणा केली आणि दुसऱ्याच दिवसापासून ‘रामायण’ रोज सकाळी नऊ आणि रात्री नऊ वाजता दाखवायला सुरुवात झाली. १६ एप्रिलचा भाग ७.७ कोटी लोकांनी पाहिला आणि हा जागतिक विक्रम आहे, असे दूरदर्शनने जाहीर केले. विक्रमाचा दावा टिकणारा नव्हता. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या ‘मॅश’ मालिकेचा शेवटचा भाग सुमारे १०.६ कोटी लोकांनी पाहिला होता. पण तेहतीस वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमाला शेकडो वाहिन्यांच्या काळात इतका प्रेक्षक मिळणे ही, विक्रम नसला तरी, विलक्षण गोष्ट होती.

या वेळी प्रेक्षकाच्या हातात मोबाईल होता. विनोदी चित्रे फिरली, संवादांची चेष्टा झाली, आणि त्याच हातांनी लोकांनी दाद दिली. लक्ष्मण झालेले सुनील लहरी रोज चित्रीकरणाचे किस्से सांगणारे छोटे व्हिडिओ टाकू लागले. कशात काय अडचण होती, साधने किती तुटपुंजी होती, हे कळल्यावर बाणांकडे पाहण्याची नजर मऊ झाली. संथपणाही आता खटकेनासा झाला, कारण बाहेर सगळेच थांबले होते. घरात तीन पिढ्या अडकलेल्या असताना आजी आणि नातवंडे एकत्र बसून पाहू शकतील असे दुसरे फारसे काही नव्हते.

शेवटचा मोठा बदल मालिकेच्या बाहेरच घडला. १६ जून २०२३ रोजी ओम राऊत यांचा ‘आदिपुरुष’ प्रदर्शित झाला. त्याच्याकडे पैसा होता, संगणकीय दृश्ये होती, पण त्यातली भाषा ऐकून प्रेक्षक संतापले आणि निर्मात्यांना चालू चित्रपटातले संवाद बदलावे लागले. त्या दिवसांत जो तो तुलना सागर यांच्या मालिकेशी करत होता. ज्या संवादांना एके काळी बोजड म्हटले गेले ते आता मर्यादशील ठरले आणि अरुण गोविल यांचे स्थिर स्मित, जे समीक्षकांना निर्जीव वाटले होते, ते रामाच्या भूमिकेचे माप झाले. पुढच्याच महिन्यात एका खासगी वाहिनीने ती जुनी मालिका पुन्हा पहिल्या भागापासून दाखवायला घेतली.