पणजोबांची रायफल

2019 च्या दिवाळीत अमेरिकेहून आलेला पुतण्या नेमावरच्या घाटावर आमच्याशेजारी बसला होता. समोर नर्मदामाई, पलीकडे हंडिया. त्याने मोबाइलवर एक छायाचित्र दाखविले : टेक्सासमधील रानडुकराची शिकार आणि त्याच्या हाती काळी, प्लास्टिकच्या दस्त्याची रायफल. आम्ही नाक मुरडले. ही सैनिकाची बंदूक. शिकाऱ्याची कशी म्हणावी? तो शांतपणे म्हणाला, "काका, पणजोबांची रायफल तरी कोणासाठी जन्मली होती?"

प्रश्न झोंबला, कारण उत्तर आम्हांस ठाऊक होते. आमच्या आजोबांची रायफल .275 बोरची, माउझर पद्धतीच्या बोल्टची. जर्मन लष्कराने 1898 साली स्वीकारलेली ती रचना; आणि ज्या 7 मिलिमीटर काडतुसाने बोअरांनी इंग्रजांस जेरीस आणले, तेच पुढे इंग्रज कारागिरांनी .275 म्हणून विकले. चंपावतची वाघीण मारल्यावर 1907 साली जिम कॉर्बेटला भेट मिळाली ती रिग्बीही याच बोरची. घरातील दुसरी रायफल .315 ची. .303 हे लष्करी काडतूस प्रजेच्या हाती नको, म्हणून सरकारने ती चालविली. पण तिचे काडतूस मूळचे ऑस्ट्रियन फौजेचे! तेव्हा 'पारंपरिक' म्हणजे जिची लढाई लोक विसरले ती, एवढेच.

पुतण्याची बाजू अगदीच लंगडी नव्हती. रायफल हलकी, धक्का कमी; डुकरांचा कळप शेत नासवत असेल तर दुसरा बार तत्काळ हवा. चाप सोडून पुन्हा ओढला की झाले. काडतूस बदलण्याचे काम बाराचा वायूच करतो. सांबरासारख्या जनावराला मात्र त्या लहान बोरची गोळी आम्ही अपुरीच मानू.

आजोबांच्या रायफलीत दाराच्या कडीसारखा बोल्ट उचलावा, मागे ओढावा, पुढे लोटून पाडावा, तेव्हा कुठे दुसरे काडतूस नळीत बसे. 1972 चा वन्यजीव कायदा यायच्या काही वर्षे आधी, खातेगावच्या वरच्या रानात आम्ही मचाणावर त्यांच्यामागे बसलो होतो. पहिला बार चुकला. त्यांनी बोल्ट मागे ओढला. रिकामे पुंगळे खाली पडले. तेवढ्यात सांबरीच्या मागून पाडस उघड्यावर आले. आजोबांचा हात तसाच थांबला. घरी परतेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. पुतण्याच्या रायफलीत तो क्षण कोठे सापडला असता, हे आम्ही त्यास विचारले. तो म्हणाला, "थांबायचे असेल तर माणूस कशानेही थांबतो." आम्हांस ते पटले नाही, अजूनही पुरते पटलेले नाही.

त्याच डिसेंबरात कायदा बदलला : एका परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रे, उरलेले वर्षभरात जमा करावे. आमच्याकडे या दोन रायफली आणि एक बारा बोर. घरात महिनाभर वाद झाला. .315 ची काडतुसे खडकीच्या कारखान्याची मिळतात; .275 ची शोधूनही मिळेनात. बारा बोर मळ्यावर लागते. भावाचे म्हणणे बिनतोड होते.

2020 च्या पावसाळ्यानंतर आम्ही आजोबांची रायफल घेऊन गेलो. कारकुनाने नळी रिकामी आहे का विचारले. आम्ही बोल्ट उचलला, मागे ओढला, त्यास दाखविले, आणि तसाच उघडा ठेवून ती टेबलावर आडवी केली.