ओसाकाची तर

होडीत चढण्याआधी मित्राने शंभर येनची दोन नाणी मुठीत घट्ट धरून ठेवली होती. आमच्या पुढे पाच-सहा सायकलवाले, एक शाळकरी मुलगी आणि भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजी. फाटक उघडलं आणि सगळे सरळ आत गेले. तिकिटाची खिडकी नाही, पैसे घ्यायला कुणी उभं नाही. मित्र माझ्याकडे वळला, "आरं, पैसं कोन घेतंय?" मागून भाची म्हणाली, "काका, इथे पैसे लागत नाहीत. 1920 पासून नाही लागत."

ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मी धरमतरचा. आमच्याकडे नदी-खाडी उतरून देणाऱ्या नावेला ‘तर’ म्हणतात. गावाच्या नावाची फोड केली तर धर्माची तर असाच अर्थ लागतो. जशी धर्मशाळा, तशी धरमतर. वडखळहून अलिबागला जाताना अंबेची खाडी आडवी येते, तिथलं हे ठिकाण. आता खाडीवर पूल आहे, खाडीत डोलवीच्या कारखान्याचे बार्ज येतात-जातात. तर मात्र नावातच उरली आहे. आणि इथे ओसाकासारख्या अफाट शहरात महापालिकेची धर्माची तर माझ्यासमोर उभी होती.

आम्ही दोघंही जपानला पहिल्यांदाच आलो होतो. भाची तिथे नोकरीला. "मामा, ये एकदा" म्हणून ती दोन वर्षं मागे लागली होती. मित्र हमरापूरच्या बाजूचा, गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो. डोळ्यांच्या आखणीत त्याचा हात धरणारा आसपास नाही. हंगाम संपल्याशिवाय त्याला गाव सोडता येत नाही, म्हणून नोव्हेंबर उजाडला. कान्साईचा विमानतळ 1994 साली समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर उघडला. विमान उतरताना दोन्ही खिडक्यांतून पाणीच दिसत होतं आणि मित्राने माझं मनगट सोडलं नव्हतं.

पहिले दोन दिवस सगळे पाहतात तेच पाहिलं. उमेदा स्टेशनाखालच्या बाजारगल्ल्या, दोतोनबोरी कालव्यावरचे दिवे, 1583 साली हिदेयोशी नावाच्या सरदाराने बांधायला घेतलेला किल्ला. आज दिसतो तो किल्ल्याचा मनोरा 1931 चा, काँक्रीटचा. चांगलं आहे सगळं. पण माझं मन लागलं ते तिसऱ्या दिवशी, ताइशो विभागात. हा भाग नद्या-कालव्यांनी वेढलेला, समुद्रसपाटीला टेकलेला, कारखान्यांचा आणि कामगारांचा. दूरच्या ओकिनावा बेटांवरून पोटासाठी आलेल्यांची इथे मोठी वस्ती आहे, आपल्या कोकणातला माणूस गिरणगावात गेला तशीच.

होडीवर बसायला बाकडी नव्हती. सायकल हाताने धरायची आणि उभं राहायचं. इंजिन घुरघुरलं, धक्का सुटला, वारा लागला. आजींनी पिशवी पायाशी ठेवून कठडा धरला. पाण्याला वास होता, लोखंडाचा आणि चिखलाचा, अगदी ओहोटीच्या वेळी आमच्या खाडीला येतो तसा. दोन-तीन मिनिटांत पलीकडचा काठ.

डोक्यावर सेंबोनमात्सुचा पूल होता. 1973 साली झालेला, पाण्यापासून तीस मीटरहून उंच, कारण खालून मोठी जहाजं जायला हवीत. एवढ्या उंचीवर गाडी चढावी म्हणून दोन्ही काठांवर रस्त्याला गोल वेढे दिले आहेत. ते चष्म्याच्या काचांसारखे दिसतात, म्हणून लोक त्याला चष्म्याचा पूल म्हणतात. पूल झाला की होडी बंद, असंच ठरलेलं होतं. पण भाजीची पिशवी घेऊन त्या आजींनी ते वेढे चढायचे कसे? रहिवाशांनी मागणी लावून धरली आणि होडी राहिली. 1935 च्या सुमाराला ओसाकात तरीची अशी 31 ठिकाणं होती. आज आठ आहेत आणि आठही फुकट.

सकाळी होडीकडे येण्याआधी ताइशो पुलापाशी एक दगड पाहिला होता. डिसेंबर 1854 मध्ये मोठा भूकंप झाला. हादऱ्यांना भिऊन लोक होड्यांत जाऊन बसले. संध्याकाळी समुद्राची लाट नदीतून आत घुसली आणि मोठाली जहाजं त्या होड्यांवर येऊन आदळली. 1707 सालीही असंच झालं होतं, पण लोक विसरले. म्हणून 1855 मध्ये हा दगड उभा केला. भूकंपानंतर होडीत बसू नका, असं त्यावर बजावलं आहे आणि शेवटी विनवणी आहे, की अक्षरं वाचता यावीत म्हणून दरवर्षी त्यांत शाई भरा. शेजारचा फलक वाचून भाची हे सांगत होती, तोवर मित्र दगडापाशी उकिडवा बसला. बोट न लावता, एकेका अक्षराजवळ तोंड नेऊन त्याने शाईची कड पाहिली. म्हणाला, "हात थरथरला नाय कुठं. म्हाताऱ्या मानसाचा हात हाय पन." कुणाचा हात ते त्याला कळायला मार्ग नव्हता. पण दीडशेहून अधिक वर्षं वस्तीतली माणसं तिथे शाई भरत आली आहेत, एवढं खरं.

त्या दगडापुढे मला आमचा 24 जुलै 1989 आठवला. त्या पहाटे अंबा नदी चढली, जांभूळपाडा गेला, नागोठण्यात पाणी शिरलं. आज विशीतल्या पोरांना ती तारीख सांगावी लागते.

आमची होडी चालत होती त्या किझु नदीवर पुढे एक कमानीचं दार आहे. एरवी आभाळात उभं, खालून बोटी जातात. वादळ आलं की ती अख्खी कमान पाण्यात आडवी होते. अशी तीन दारं तीन नद्यांवर 1970 साली झाली. मी भाचीला म्हटलं, ही तर आपली उघाडीच. आमच्या पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या शेतांत, बांधाला उघाडी असते, ती भरतीचं खारं पाणी अडवते आणि ओहोटीला शेतातलं पाणी सोडते. 4 सप्टेंबर 2018 च्या वादळात ओसाकाचा समुद्र 3 मीटर 29 सेंटिमीटर चढला, विमानतळ पाण्याखाली गेला, पण ही दारं लागली होती म्हणून मधलं शहर वाचलं. आमच्याकडे उधाणाला बांधाला खांड पडते, गावकी जमून ती बांधते आणि पुढच्या उधाणाला पुन्हा पडते. खारं पाणी शिरलं की त्या शेतात भात होत नाही. पेणच्या शेतकऱ्यालाही पक्क्या बांधाचा तेवढाच हक्क आहे, हे मी अगदी मनापासून लिहितो.

परत येताना मित्राने नाणी खिशात टाकली नाहीत. घरी आणून देवघरात ठेवली आहेत.

रेवस आणि करंजा यांच्यामध्ये, आमच्याच खाडीच्या मुखावर, आता पुलाचं काम सुरू झालं आहे. पूल व्हावा, लवकर व्हावा. अलिबागहून उरणला जायला एवढा वळसा कुणी का घ्यावा? पण आज त्या काठांमध्ये तर चालते, माणसं आणि दुचाकी उतरवते. पुलाचं उद्घाटन होईल त्या दिवशी ती बंद करू नका. डोक्यावर टोपली घेऊन करंजाच्या बंदराला जाणाऱ्या बाईसाठी ती चालू ठेवा, आणि जमलं तर फुकट ठेवा.