खाली पडलेलं फळ

आमच्या कृष्णपुऱ्यात थंडीची वर्दी द्यायची ती वरुडहून येणारी संत्र्यांची पेटी. थोरली ताई अमरावती जिल्ह्यात वरुडला दिलेली, घरची साडेचारशे झाडांची बाग. पेटी फुटली की छत्र्यांजवळच्या आमच्या जुन्या घरात आठ दिवस सालींचा वास असायचा, आणि आई शेजारीपाजारी मोजून चार-चार फळं पाठवायची.

भाऊजी गेले आणि बाग ताईवर आली. भाचा पुण्याला नोकरीत. २०१३ चा पावसाळा विदर्भात बेफाम झाला. ऑगस्टअखेर ताईचा फोन आला, "अरे, अंबिया बहाराचं फळ रोज टोपलंभर गळतंय. पोरगा म्हणतो बाग काढ, सोयाबीन पेर. तू बँकेत होतास ना, येऊन हिशोब तरी सांग."

मी कॉमर्सचा माणूस, जन्म कर्जखात्यांत गेलेला. पण बहिणीने बोलावलं म्हणून बैतूल-मुलताईमार्गे गेलो. बागेत पाहिलं तर जमिनीला टेकलेल्या फांद्यांची फळं आधी सडली होती. हिरव्या सालीवर तपकिरी, चामड्यासारखा डाग आणि उग्र वास. वरच्या फांद्या मात्र बऱ्यापैकी स्वच्छ.

गावातल्या एका जाणत्या बागायतदाराने समजावलं. हा रोग मातीत राहतो, नाव फायटोप्थोरा. पावसाचा थेंब मातीवर आपटतो आणि शिंतोड्याबरोबर तो खालच्या फळावर चढतो. पुढे वाचलं तेव्हा कळलं, १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाटा सडून दुष्काळ पडला तो याच्याच भाऊबंदामुळे. मुळाशी पाणी साचलं की हाच रोग बुंध्याला धरतो. मग डिंक वाहतो, म्हणून तिकडे त्याला डिंक्या म्हणतात.

औषधाची गोष्टही मजेदार आहे. फ्रान्समध्ये बोर्डो भागातले द्राक्षवाले चोरांनी हात लावू नये म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेली निरोगी आहेत. १८८५ मध्ये त्यांनी ते मिश्रण जाहीर केलं. तेच आपलं बोर्डो मिश्रण.

रात्री जेवणानंतर भाच्याशी फोनवर बोललो. तो म्हणाला, "मामा, आई अडुसष्टची आहे. चिखलात एकटी फिरते, पाय घसरला तर?" त्याचं चुकत नव्हतं. ताई एवढंच म्हणाली, "झाडं ह्यांनी लावलीत. मी असेपर्यंत कुऱ्हाड नको."

मी वहीत दोन बाजू मांडल्या. सोयाबीन चार महिन्यांत पैसा दाखवतं, पण संत्र्याचं नवं झाड फळावर यायला पाचेक वर्षं लागतात. म्हणजे तोडलेली बाग सहजासहजी परत येत नाही. दुसऱ्या बाजूला मोरचूद, चुना आणि मजुरी. गळलेल्या फळाच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ निघाला. तीन वर्षं बघू, असं ठरलं. अट एकच, बागेत कायम गडी ठेवायचा.

सगळ्यात आधी खाली पडलेलं फळ रोज वेचून बागेबाहेर खड्ड्यात पुरायला लागलो. जमिनीला टेकणाऱ्या फांद्या छाटल्या, वाळलेली सल काढली, पाणी निघून जायला चर खणले. दुहेरी आळं केलं, म्हणजे पाणी मुळांना मिळेल पण बुंध्याला लागणार नाही. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. दोन्ही प्लास्टिकच्या वेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करायचं. त्यात लोखंडी खिळा बुडवायचा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना वाढवायचा. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. उघडीप बघून फवारणी, आणि पावसाळ्याआधी व नंतर बुंध्याला बोर्डो मलम. ताई खाटेवर बसून खिळ्याची परीक्षा स्वतः घ्यायची.

पहिल्या वर्षी व्यापाऱ्याने निम्म्या भावातच बाग मागितली. दुसऱ्या वर्षी गळ कमी झाली. तिसऱ्या वर्षी भाचा दिवाळीला आला, बागेत फेरी मारून आला आणि सोयाबीनचा विषय त्याने काढला नाही. रोग समूळ गेला नाही. पन्नासेक झाडं डिंक्याने गेलीच. चारशे उभी आहेत.

ताई आता ऐंशीच्या घरात आहे. बागेत जाणं होत नाही, पण गड्याला रोज विचारते, "खालचं वेचलं का?"

आपल्यापैकी पुष्कळांच्या परसात लिंबू आहे. त्यालाही हेच लागू. बुंध्याशी पाणी तुंबू देऊ नका, मातीला टेकलेली फांदी काढा, आणि सडकं फळ झाडाखाली राहू देऊ नका.