सळईच्या पोटांत

वर्गांत धातूंचा पाठ घेतांना मी तांब्याच्या जाड तारेचा तुकडा मुलांच्या हातीं देतों. ती तार अगोदर विस्तवांत लाल करून निवविलेली असते. पहिल्यानें ती सुतळीसारखी वांकते. तीच जागा पुनःपुन्हां वांकविली कीं बोटें दुखूं लागतात, आणि अखेर तार मोडते. तांबें तेंच, मग हा ताठा आला कोठून? तांबटांस हें नवें नाहीं. घागर मठारतांना कडक होते, म्हणून ते तिला मधून मधून भट्टींत घालून मऊ करतात.

कारण मात्र १९३४ सालीं कळलें. टेलर, ओरोवान व पोलान्यी यांनीं स्वतंत्रपणें असें मांडलें कीं, धातूंतील अणूंच्या रांगांत जागोजागीं दोष असतात, व ते सरकल्यामुळें धातु वांकतो. जसजसा तो वांकवावा तसतसे हे दोष वाढतात आणि गर्दींतील माणसांप्रमाणें एकमेकांस अडवितात. धातूचे कण केवढे, अणूंची मांडणी कशी, यावर ही अडवणूक अवलंबून असते. विमानांत वापरला जाणारा टायटॅनियमचा नेहमींचा मिश्रधातु बळकट खरा, पण ताणल्यावर त्याचें काठिण्य फारसें वाढत नाहीं. उलट, टायटॅनियमच्याच कांहीं नव्या मिश्रधातूंत ताण पडतांच कणांमध्यें नवे पट्टे उमटतात, आणि प्रत्येक पट्टा दोषांच्या वाटेंत भिंत होऊन उभा राहतो.

टायटॅनियम आपल्यापासून दूर, सळई जवळची. जालन्याच्या औद्योगिक वसाहतींत भंगार वितळवून सळया लाटतात. पूर्वींची पिळाची सळई थंडपणीं पिळून कडक केलेली असे, म्हणजे आपल्या तारेचीच गोष्ट. पण ताणलें जाण्याची तिची बरीचशी शक्ति पिळण्यांतच खर्चीं पडे. टीएमटी सळईची वाट निराळी. लाटून निघालेल्या लाल सळईवर पाण्याचे जोरदार फवारे सोडतात. बाहेरची साल एकदम निवून कठीण होते; गाभा तापलेलाच राहतो, व त्याच्याच उष्णतेनें सालीचा ठिसूळपणा जातो. सळईचें कापलेलें तोंड घासून त्यास सौम्य नायट्रिक आम्ल लावल्यास काळसर कडें व आंतील फिकट गाभा स्पष्ट दिसतो. (मुलांनीं हा प्रयोग घरीं करूं नये.)

घर बांधणाऱ्या पालकांनीं केवळ ‘५००’ हा आंकडा पाहूं नये. सळई कायमची ताणली जाऊं लागते तो ताण त्यानें कळतो, प्रति चौरस मिलिमीटर न्यूटनांत. त्यापुढची तग महत्त्वाची. भारतीय मानकाप्रमाणें ‘फे ५००’ सळईची अंतिम ताकद त्या ताणाहून निदान ८ टक्के अधिक असावी, व तुटण्यापूर्वीं ती १२ टक्के तरी लांबावी. ‘फे ५०० डी’ असल्यास हेच आंकडे १० व १६. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपांत पडलेलीं बहुतेक घरें दगडमातीचीं होतीं. सळई त्यांत नव्हतीच. आतां ती घरोघर आली आहे, आणि जमीन हादरतांना छत एकदम कोसळेल कीं आधीं वांकून माणसांस बाहेर पडण्यास अवधि देईल, हें या फरकावरहि ठरतें. गाडी उतरवून घेण्यापूर्वीं तें ‘डी’ अक्षर पाहून घ्यावें.