लक्षद्वीपाची लांबची सफर

लक्षद्वीपास जाऊं इच्छिणारीं मंडळी आम्हांस प्रथम विचारतात, "बेटें किती दाखवितात?" आमच्या मतें हा प्रश्न शेवटीं विचारावा.

सवड थोडी असल्यास कोचीहून विमानानें अगत्तीस जाऊन एकच बेट स्वस्थपणें पाहावें. जहाजाच्या लांबच्या सफरीचें खरें प्रयोजन म्हणजे मिनिकॉय. कल्पेनीच्या दक्षिणेस सुमारें २०० किलोमीटरांवर, नाइन डिग्री चॅनलच्या पलीकडे हें बेट एकटेंच आहे. येथील महल ही मालदीवच्या दिवेही भाषेचीच बोली. दीपस्तंभ १८८५ सालचा.

गेल्या हिवाळ्यांत आम्ही उभयतां तेथें गेलों. काटकसर म्हणून तिकीट स्वस्त वर्गाचें काढलें. रात्रभर जहाज डोलत होतें. सौभाग्यवतीच्या डोळ्यास डोळा लागला नाहीं. सकाळीं प्रवाळाच्या कडेबाहेर जहाज थांबलें. हेलकावणाऱ्या होडींत उतरावयाचें, तों तिचे गुडघे कांपूं लागले. ती जहाजावरच राहिली. दीपस्तंभ आम्ही एकट्यानेंच पाहिला. पण मन जहाजाकडेच होतें.

यास्तव वाचकांस विनंति कीं, सफरीचे दिवस न मोजतां भूमीवर मिळणारे तास मोजावे; रात्री बहुधा समुद्रांतच जातात. उतरण्यास धक्का आहे कीं होडी, हें आधीं विचारावें. प्रवेशपरवाना वेळेवर काढावा. परतीच्या रेल्वेपूर्वीं एक दिवस मोकळा ठेवावा. खर्च बसत नसेल तर एक बेट कमी करावें. वडीलधाऱ्यांची झोपण्याची खोली मात्र कमी करूं नये.