सिस्टरांचा पारा

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, रक्तदाब डॉक्टरांनी ओळखला, गोळीही त्यांनीच ठरवली. पण त्या दुखण्याला घरात नांदवायचं कसं, हे शिकवलं ते मागच्या आळीतल्या सिस्टरांनी. सरकारी नोकरीतून त्या केव्हाच निवृत्त झाल्या होत्या. आळीला मात्र त्या अजूनही सिस्टरच.

अण्णांची हयात शाळेत गणित शिकवण्यात गेली. आकडा दिसला की उत्तर काढून मोकळं व्हायचं, ही सवय. बीपी 160 निघालं की घरी निरवानिरवीची भाषा. 130 निघालं की गोळी बंद आणि संध्याकाळी मिसळ. आई दोन्हींना कंटाळली होती.

सिस्टर पाऱ्याचं यंत्र घेऊन यायच्या आणि पहिलं फर्मान सोडायच्या, ‘अण्णा, आधी लघवीला जाऊन या.’ मग पाठ टेकून खुर्चीत, पावलं जमिनीला, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला. पाच मिनिटं गप्प. आई चहा आणायची, तर ‘नंतर’. अण्णांना गप्प बसणं म्हणजे शिक्षाच. ‘तुमच्या बोलण्यानंच दहा वाढतात,’ असं त्या सुनवायच्या. आणि वाढतातही.

एकदा त्यांनी स्टेथोस्कोप माझ्या कानाला लावला. पट्टा फुगला, सगळं शांत. पारा सावकाश उतरू लागला आणि एका रेघेशी टक्‌ टक्‌ सुरू झालं. ‘हा वरचा.’ आवळलेल्या धमनीतून हृदयाच्या जोरावर रक्त पहिल्यांदा घुसतं, त्याचा तो आवाज. ठोके मंदावत नाहीसे झाले. ‘हा खालचा.’ आता धमनी पूर्ण मोकळी. पुढे वाचनात आलं की दंडाला पट्टा बांधायची युक्ती इटलीतल्या रिवा-रोच्चीची, 1896 सालची. पण बोटानं नाडी बघून त्याला वरचाच आकडा मिळे. खालचाही कानानं टिपता आला तो 1905 मध्ये, रशियातल्या कोरोत्कोवमुळे.

पाऱ्याच्या पट्टीवर दोन-दोनच्या रेघा. सिस्टर 148 लिहीत, 152 लिहीत; सोयीसाठी दीडशे कधीच नाही. पानभर 140/90, 130/80 असले गुळगुळीत आकडे दिसले की त्यांचा स्वतःचा पारा चढायचा. ‘गोळी यावर ठरते, अंदाजपंचे कसं चालेल?’

अण्णांचा आकडा बहुधा 164/72 असा. ‘खालचा तर छान आहे!’ ते म्हणायचे. सिस्टरांनी ते समाधान टिकू दिलं नाही. जुन्या रबरी नळीसारख्या मोठ्या धमन्या वयानं कडक होतात, मग वरचा चढतो आणि खालचा उलट उतरतो. खालचा कमी म्हणून वरच्याकडे डोळेझाक केली तर मेंदू, हृदय, मूत्रपिंड किंमत मोजतात. आणि डोकं दुखेल तेव्हा बघू म्हणाल, तर बहुतेकांचं काहीच दुखत नाही.

पण खरं ऋण पुढचंच. सकाळी अंथरुणातून उठताना अण्णांना घेरी यायची. सिस्टरांनी आधी झोपवून, मग उभं करून मोजलं. वरचा आकडा वीसहून जास्त घसरला. ‘गोळीला मी हात लावणार नाही,’ म्हणत त्यांनी दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून दिले. डॉक्टरांनी ती वाचून औषध बदललं. न्हाणीघरात पडून मांडीचं हाड मोडलेली माणसं आमच्या आळीत कमी नव्हती. अण्णा त्यांत नव्हते.

सिस्टर पैसे घेत नसत. अण्णांनी त्यांच्या नातवाला अपूर्णांकांपासून गणित शिकवलं. फिटंफाट झाली, असं त्या म्हणत; अण्णा कधी म्हणाले नाहीत.

अण्णा गेल्यावर मी डिजिटल यंत्र आणलं. सिस्टरांनी माझा दंड बघून मोठा पट्टा मागवायला लावला. जाड दंडाला लहान पट्टा आकडा फुगवून दाखवतो. सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोनदोनदा मोज, पहिला दिवस सोडून सरासरी काढ, असं बजावलं. आली 137/87. दवाखान्यात 140/90 ची रेघ धरतात, घरच्या मोजणीत 135/85 ची. म्हणजे मी पलीकडे. डॉक्टरांनी गोळी सुरू केली. सिस्टरांना कळवलं, तर ‘बरं झालं, वेळेत कळलं,’ एवढंच म्हणाल्या आणि नातवाला बारावीत गणितात किती पडले ते सांगू लागल्या.