खरवड

आधीच सांगून टाकते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर संपादकांना धरा!

गेल्या वर्षी एक सेमिस्टर मी स्पेनमध्ये, व्हॅलेन्सियाच्या पॉलिटेक्निक विद्यापीठात एक्सचेंजवर होते. परत आल्यापासून होस्टेलवर तेच तीन प्रश्न : क्रेडिट्स मिळाले का, जेवणाचे हाल झाले का, आणि बुलफाइट बघितलीस का? उत्तरं अनुक्रमे : मिळाले, नाही आणि नाही. आता मला जे सांगायचंय ते सांगते.

मी राहायला एका कुटुंबात होते. बेनिमाक्लेट नावाचा भाग, पूर्वी वेगळं गाव होतं, आता शहरातच आहे. विद्यापीठ चालत पंधरा मिनिटं. घरात सेन्योरा, त्यांची बारा वर्षांची मुलगी आणि सेन्योरांची आई. तिला सगळे 'याया' म्हणत, म्हणून मीही. पहिल्या दिवशी मी तिला अगदी आदराने 'उस्तेद' म्हणजे 'तुम्ही' म्हणाले, तर बाई चिडल्याच. "मी काय बँकेत बसलेय का? 'तू' म्हण!" बरं झालं. आजीला अहो-जाहो करायची मलाही कुठे सवय आहे!

दुपारचं जेवण अडीचला, रात्रीचं साडेनऊ-दहाला. आपली मेस त्या वेळी भांडी घासून मोकळी झालेली असते. पहिल्या रात्री टेबलावर सगळे भरभर बोलत होते आणि मला एक अक्षर कळेना. स्पॅनिशच्या दोन लेव्हल करून गेले होते मी! वाटलं, क्लासची फी बुडाली. तेवढ्यात मुलगी हसून म्हणाली, "आम्ही स्पॅनिश बोलत नाहीयोत." ती होती व्हॅलेन्सियन. कॅटलान भाषेचं तिथलं रूप. (तिथे असं म्हणायच्या आधी इकडेतिकडे बघून घ्यावं, काही लोकांना राग येतो.) स्पॅनिश सगळ्यांनाच येतं, ते शाळेचं, ऑफिसचं, टीव्हीचं. पण याया भांडायची, लाड करायची, नातीला उठवायची ती व्हॅलेन्सियनमध्ये.

९ ऑक्टोबरला तिथे सुट्टी असते. १२३८ साली राजा जाउमे या शहरात शिरला, त्याची आठवण. त्या दिवशी यायाने पाएया केला. पाएया हे खरं तर कढईचं नाव, रुंद, उथळ, दोन कानांची. पदार्थाला पुढे तेच नाव पडलं. चिकन, ससा (मी सशाला हात लावला नाही), चपट्या हिरव्या शेंगा, वालापेक्षा मोठा पांढरा दाणा, टोमॅटो, केशर आणि जवळच्या आल्बुफेरा सरोवराकाठचा तांदूळ. कांदा अजिबात नाही! मी विचारलं, तर यायाने असं बघितलं की मी पुढचा प्रश्न गिळला. तांदूळ पडला की डाव घालायचा नाही. पाणी आटत आलं की शेवटी आच वाढवायची आणि कान देऊन ऐकायचं. तळाशी चुरचुर सुरू झाली की भात खाली धरतोय. करपायच्या आत उतरवायचं. मग सगळे कढईभोवती बसतात, लाकडी चमचा घेऊन आपापल्या समोरचा त्रिकोण खातात, आणि शेवटी तळाच्या त्या खमंग थरासाठी भांडणं. त्याला म्हणतात 'सोकार्रात'.

रात्री मी सांगलीला आजीला फोन केला. म्हटलं, अगं आजी, इथे भाताच्या खालच्या बर्न्ट लेयरला वेगळं नाव आहे! आजी म्हणाली, "मग आपल्याकडे नाही होय? खरवड."

वीस वर्षांत हा शब्द मी ऐकलाच नव्हता. किंवा ऐकला असेल, पण ठेवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी यायाला म्हटलं, मला रेसिपी लिहून दे. तोंडाने ती व्हॅलेन्सियनमध्ये बोलत होती आणि कागदावर स्पॅनिश उतरत होतं. मी म्हटलं, तुझ्याच भाषेत लिही की. तिने पेन खाली ठेवलं. "मला लिहिता येत नाही."

ती शाळेत गेली पन्नासच्या दशकात, फ्रँकोच्या राजवटीत. शिक्षण फक्त स्पॅनिशमधून. वर्गात व्हॅलेन्सियन शब्द निघाला की बाई म्हणायच्या, "ख्रिश्चन बोल!" म्हणजे माणसांची भाषा बोल. फ्रँको १९७५ ला गेला, १९८२ मध्ये व्हॅलेन्सियनला अधिकृत दर्जा मिळाला, १९८३ च्या कायद्याने ती शाळेत आली. तोवर यायाची शाळा केव्हाच संपली होती. शेवटी रेसिपी नातीने लिहिली, आजीच्या उच्चारांना नावं ठेवत ठेवत.

मला आमची शाळा आठवली. कॉरिडॉरमध्ये मराठी बोललं की एक रुपया दंड. आम्ही हसत हसत भरायचो. कोणी हुकूमशहा नव्हता हो, आमच्याच आईबाबांनी रांगा लावून अॅडमिशन घेतली होती. यायाला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आणि तू? तुला लिहिता येतं?" मी "हो" म्हणाले. जरा जोरातच.

मग खोलीत जाऊन आजीला पत्र लिहायला घेतलं. आयुष्यातलं पहिलं. एका पानाला अख्खी संध्याकाळ लागली. 'स्वयंपाक' तीन वेळा खोडला. 'क्ष' कसा काढायचा ते फोनवर बघितलं. हे कुणाला सांगू नका.

जानेवारीत परत आल्यावर सांगलीला गेले. आजी रिटायर्ड शिक्षिका. तिने पत्र कपाटातून काढून हातात दिलं. लाल पेनने सतरा ठिकाणी ऱ्हस्वाचं दीर्घ, दीर्घाचं ऱ्हस्व केलेलं. आणि खाली, बारीक अक्षरात : "त्या बाईंना कळव, खरवडीवर तूप घालून बघा म्हणावं."